'ऑड्स अँड एंड्स' म्हणजे नक्की काय? आणि ते थिसिसमध्ये लिहावं का?

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने तिच्या चॅप्टरमधलं एक वाक्य पाठवलं. वाक्य साधंच होतं, मुलाखतींबरोबर घरातल्या पावत्या, जुनी पासबुकं, लग्नपत्रिका 'आणि इतर ऑड्स अँड एंड्स' गोळा केले, अशा अर्थाचं. गाइडने शेवटच्या तीन शब्दांभोवती लाल गोल काढला होता आणि बाजूला फक्त प्रश्नचिन्ह. तिचा प्रश्न होता, "ताई, यात चूक काय आहे? डिक्शनरीत तर अर्थ बरोबर आहे."

अर्थ बरोबर आहे, खरंच. पण या शब्दप्रयोगाने मलाही एकदा चांगलंच अडचणीत आणलेलं आहे, म्हणून तिला मेसेजमध्ये दोन ओळींचं उत्तर न देता इथे सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, त्यांना आत्ता हे बारीकसारीक वाटेल. डेटा हातात आला की कळेल.

आधी अर्थ. 'ऑड्स अँड एंड्स' म्हणजे फुटकळ, किरकोळ वस्तू. एकमेकींशी संबंध नसलेल्या, फारशी किंमत नसलेल्या आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कशातून तरी उरलेल्या. स्वयंपाकघरात एक ड्रॉवर असतो ना, त्यात रबरबँड, संपत आलेले सेल, कुठल्या कुलपाची आहे ते आठवत नसलेली किल्ली, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरचं रुपयाचं नाणं? त्या ड्रॉवरमधला ऐवज म्हणजे ऑड्स अँड एंड्स. 'उरलंसुरलं', 'सटरफटर', 'किडूकमिडूक' असे आपल्याकडे त्याला बरेच शब्द आहेत. यातला शेवटचा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता त्यातला 'ऑड' बघू. हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे 'ओडी' म्हणजे टोक, त्रिकोण. त्रिकोणाला तीन कोन. त्यातले दोन जोडीने बसतात, तिसरा एकटा. त्यावरून 'जोडीत न बसणारा तो ऑड' असा अर्थ झाला आणि विषम संख्येलाही तोच शब्द लागला. त्याच भाषेत दोन बाजूंचं जमेना तेव्हा निर्णायक मत देणाऱ्या तिसऱ्या माणसालाही याच शब्दावरून नाव होतं. लहानपणी चिंचोके मुठीत धरून एकी-बेकी खेळला असाल तर हे समजायला वेळ लागणार नाही. दोन-दोन काढत गेलं की शेवटी जो एक चिंचोका उरतो, तो ऑड. 'विचित्र' हा अर्थ नंतरचा. जोडीत बसत नाही म्हणून विचित्र.

'एंड' म्हणजे इथे शेवट नव्हे. इथे तो 'उरलेला तुकडा' आहे. जळून उरलेल्या मेणबत्तीचं टोक, ताग्याच्या शेवटी राहिलेलं कापड. कापडाच्या दुकानात आपण ज्याला कटपीस म्हणतो, जवळपास तेच. 'ऑड एंड्स' असा प्रयोग आधीपासून होता. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड' या नाटकात रिचर्ड आपला दुष्टपणा झाकायला धर्मग्रंथातून चोरलेले असले तुकडे वापरतो, असं स्वतःच सांगतो. अठराव्या शतकात 'ऑड्स' आणि 'एंड्स' असे दोन वेगळे शब्द 'अँड'ने जोडलेले दिसू लागतात आणि आजचा शब्दप्रयोग तयार होतो. म्हणजे अर्थाच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत, जोडीत न बसलेलं आणि कापून उरलेलं. या दोन्ही गोष्टी वस्तूच्या अंगच्या नाहीत, हे बघा. कुणीतरी जोड्या लावल्या म्हणून ते एकटं पडलं. कुणीतरी कापड कापलं म्हणून तो तुकडा उरला.

व्याकरणाचं पटकन सांगते. हा शब्दप्रयोग नेहमी अनेकवचनीच असतो, त्यातली एकच वस्तू दाखवायला 'ॲन ऑड अँड ॲन एंड' असं कुणी म्हणत नाही. क्रमही उलटत नाही. 'एंड्स अँड ऑड्स' म्हटलंत तर समोरचा गंमत समजेल. अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर याकोव्ह माल्कीएल या भाषाशास्त्रज्ञाने 1959 मध्ये एक लेख लिहिला. भाषाशास्त्राकडे जाणाऱ्यांनी तो वाचाच, एवढ्या छोट्या गोष्टीतून संशोधनाचा प्रश्न कसा उभा राहतो ते त्यात दिसतं. मराठीत आपण हळदीकुंकू म्हणतो, कुंकूहळद नाही. सुईदोरा म्हणतो, दोरासुई नाही. का? कूपर आणि रॉस यांनी 1975 मध्ये या 'का'वर काम केलं. पण तिकडे गेले तर हा ब्लॉग संपायचा नाही.

'ऑड्स' एकटा आला तर मात्र सावध राहा. स्टॅटिस्टिक्समधला 'ऑड्स रेशो' वेगळा, तिथे ऑड्स म्हणजे एखादी गोष्ट घडण्याचं न घडण्याशी असलेलं प्रमाण. पेपरमध्ये 'अवर फाइंडिंग्ज आर ॲट ऑड्स विथ' असं दिसलं तर 'आमचे निष्कर्ष अमक्याशी जुळत नाहीत' असा अर्थ. आणि 'लूज एंड्स' म्हणजे सुटे धागे, अर्धवट राहिलेली कामं. थिसिस सबमिट करायच्या आदल्या रात्री आपल्याकडे ऑड्स अँड एंड्सही असतात आणि लूज एंड्सही, पण झोप दुसऱ्यामुळे उडते. मशीन ट्रान्सलेशनवर विसंबून राहाल तर 'शक्यता आणि शेवट' असलं काहीतरी हाती येऊ शकतं, तेव्हा नजर टाकल्याशिवाय पुढे पाठवू नका.

याच कुटुंबातले बाकीचे शब्द एकमेकांच्या जागी खपतील असं वाटतं, पण खपत नाहीत. 'बिट्स अँड पीसेस' हे एकाच वस्तूचे तुकडे असू शकतात, फुटलेल्या कपाचे वगैरे. 'बिट्स अँड बॉब्स' हे ब्रिटिश घरगुती बोलणं. 'ऑड्स अँड सॉड्स' हेही ब्रिटिशच, माणसांनाही लावतात आणि जरा उद्धट आहे. 'द हू' या बँडने न वापरलेली उरलेली गाणी एकत्र करून 1974 मध्ये अल्बम काढला, त्याचं नाव हेच ठेवलं. 'मिक्स्ड बॅग' वस्तूंपेक्षा दर्जाबद्दल बोलतो, काही बरं, काही वाईट. तुमच्या निष्कर्षांना परीक्षक 'मिक्स्ड बॅग' म्हणाला तर ती शिवी नाही, पण कौतुकही नाही. 'हॉजपॉज' मात्र सरळ टीका आहे, म्हणजे खिचडी केलीत.

या हॉजपॉजची मूळ गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा शब्द 'हॉचपॉट'वरून आला. फ्रेंचमध्ये ती एक रस्सेदार पाककृती, सगळं एका भांड्यात ढवळायचं. इंग्लंडच्या कायद्याने तो शब्द उचलला. वाटणी समान व्हावी म्हणून सगळ्यांच्या मिळकती आधी एकत्र करायच्या, ते हॉचपॉट. तिथून तो आपल्या कोर्टात आला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यांच्या निकालांत 'कॉमन हॉचपॉट' आजही भेटतो. स्वतः कमावलेली जमीन भावाने एकत्र मिळकतीत घातली होती की नव्हती, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. म्हणजे एकीकडे हा शब्द 'गोंधळ' सांगतो आणि दुसरीकडे 'सगळं मोजायचं आहे, म्हणून आधी एकत्र आणा' असं सांगतो. ऑड्स अँड एंड्सच्या बरोबर उलटं. तिथे एकत्र करतो ते मोजायचं नाही म्हणून.

कॉमर्सवाल्यांना 'सन्ड्री' माहीत असतो. टॅलीत 'सन्ड्री डेटर्स' हा ग्रुप असतोच. सन्ड्री म्हणजे किरकोळ असं आपण धरून चालतो, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'वेगवेगळा, स्वतंत्र'. एकेक उधारी छोटी असेल, पण त्या ग्रुपची बेरीज कधी कधी दुकान बुडवायला पुरेशी असते. कुठल्याही दुकानदाराला विचारा.

आता माझी फजिती.

मी ग्रामीण कुटुंबं मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा कुठून उभा करतात यावर काम करते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात पायलट मुलाखती घेत होते. एका मावशींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पहिल्या वर्षाची फी कशी भरली, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "काय सांगू ताई, हुतं ते किडूकमिडूक मोडलं अन् भरली." मी मान डोलावली, लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. रात्री इंग्रजीत ट्रान्सक्रिप्ट करताना वाक्य झालं, घरातले काही ऑड्स अँड एंड्स विकून फी भरली. मला ते भाषांतर फार चपखल वाटलं होतं. प्रश्नावलीत मालमत्तेची यादी होती, त्यात जमीन, घर, जनावरं, वाहन, बँकेतली ठेव आणि इतर. मी 'इतर'समोर टिक केली.

महिन्याभराने गाइडने ट्रान्सक्रिप्ट वाचलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ऑड्स अँड एंड्स विकून नर्सिंगची फी निघते? कुठल्या दुकानात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत गावी गेले. किडूकमिडूक म्हणजे दोन पाटल्या आणि डोरलं. त्या घरात रोकड करता येण्यासारखं जे काही होतं, त्यातलं सगळ्यात मौल्यवान तेच. जमीन सासऱ्यांच्या नावावर, शेळ्या दोन, ठेव नाही. मावशींच्या स्वतःच्या मालकीचं असं फक्त ते सोनं होतं आणि माझ्या एक्सेल शीटमध्ये ते 'इतर' झालं होतं. वर इंग्रजी वाक्यात त्याची किंमत आणखी उतरून ड्रॉवरमधल्या रबरबँडइतकी झाली होती.

चूक डिक्शनरीची नव्हती. 'किडूकमिडूक' आणि 'ऑड्स अँड एंड्स' दोन्हींचा अर्थ किरकोळ चीजवस्तू असाच. फरक वापरात आहे. मराठी बाई स्वतःच्या दागिन्यांना किडूकमिडूक म्हणते तेव्हा ती वस्तूचं वर्णन करत नसते. त्यात संकोच असतो, परक्यासमोर ऐवज बोलून दाखवायचा नाही ही सावधगिरी असते, आणि गेल्याचं दुःख लहान करून सांगायची सवयही. शिवाय तिथे 'मोडलं' हे क्रियापद होतं. भंगार विकतात, रद्दी विकतात. मोडतात ते सोनं, नाहीतर ठेव. वाक्यातला सगळा पुरावा त्या एका क्रियापदात होता आणि मी त्याचं 'विकून' करून टाकलं.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. हा शब्दप्रयोग कुणाच्या तोंडी आहे ते बघते. माणूस स्वतःच्या वस्तूंना, कामाला, कमाईला किरकोळ म्हणू शकतो, तो त्याचा हक्क. ते शब्द जसेच्या तसे नोंदवायचे आणि मग विचारायचं, म्हणजे काय काय? पण संशोधकाने स्वतःच्या वाक्यात तो शब्द वापरला की त्याचा अर्थ एवढाच होतो की मी हे मोजलं नाही आणि मोजावंसं वाटलंही नाही. ज्युनियरच्या वाक्याभोवती लाल गोल होता तो याच्यासाठी. मेथडॉलॉजीत वाचणाऱ्याला काय गोळा केलं ते कळायला हवं. तिने यादी द्यावी. लांब होत असेल तर परिशिष्टात टाकावी आणि मजकुरात 'संकीर्ण कागदपत्रं, यादी परिशिष्टात' असं लिहावं. इंग्रजीत त्या जागी 'मिसलेनियस' चालतो. लॅटिनमधल्या 'मिसळणे' या अर्थाच्या धातूवरून तो आलाय आणि त्याच्यात तुच्छता नाही. ऋणनिर्देशात, फील्ड डायरीत, ईमेलमध्ये ऑड्स अँड एंड्स खुशाल वापरा.

हे फक्त एका विद्यार्थिनीच्या शीटपुरतं असतं तर लिहिलं नसतं. आपल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मराठी साहित्याच्या कपाटापाशी जाऊन पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बघा. ड्युई दशांश पद्धत असेल तर 891.46 ने सुरू होईल. मेल्विल ड्युईने ही पद्धत 1876 मध्ये काढली. साहित्याला 800 चं शतक दिलं. 810 अमेरिकन, 820 इंग्रजी, 830 जर्मन, 840 फ्रेंच, 850 इटालियन, 860 स्पॅनिश, 870 लॅटिन, 880 ग्रीक. उरलं 890, ते 'इतर भाषांचं साहित्य'. त्या एका दशकात रशियन, संस्कृत, अरबी, तमिळ, चिनी, जपानी सगळ्यांची दाटी, आणि त्यातल्या 891 मध्ये दशांश चिन्हानंतर दोन घरं गेल्यावर मराठी. धर्माच्या 200 च्या शतकातही तेच. बहुतेक दशकं ख्रिस्ती धर्माला आणि 290 मध्ये 'इतर धर्म'. हिंदू 294.5, बौद्ध 294.3, इस्लाम 297. ड्युईला एका अमेरिकन कॉलेजची लायब्ररी लावायची होती. तिथल्या कपाटात मराठी पुस्तकं नव्हती, त्यामुळे त्याच्या जागेवरून बघितलं तर ते साहजिकच होतं. पण जोड्या लावणारा कोण, कापड कापणारा कोण, यावर उरणारा तुकडा ठरतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. ज्ञानेश्वरीपासून कालच्या कादंबरीपर्यंत सगळं ड्युईच्या ऑड्स अँड एंड्समध्ये आहे.

सरकारी आकडेवारीतही असे ड्रॉवर आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगाराच्या फेऱ्यांमध्ये माणूस काय करतो याला कोड असतात. 92 म्हणजे फक्त घरकाम. 93 म्हणजे घरकाम आणि त्याबरोबर घरच्यासाठी सरपण, भाजी, चारा फुकट गोळा करणं, शिवणकाम, विणकाम 'इत्यादी'. दोन्ही कोडमधली माणसं श्रमशक्तीच्या बाहेर धरतात. 93 चं ते 'इत्यादी' गावात बसून वाचा, त्यात एका बाईचा अख्खा दिवस मावतो. हे सर्वेक्षण करणाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून तर 2011-12 च्या फेरीत 92-93 वाल्यांना वेगळे उपप्रश्न विचारले होते, आणि 2019 मध्ये देशभरासाठी पहिलं वेळ-वापर सर्वेक्षण झालं. 'इतर' उघडून बघायला कष्ट लागतात, पैसे लागतात. आपल्याला निदान आपल्या प्रश्नावलीचं तरी उघडता येतं.

म्हणून 'इतर'चा पर्याय काढून टाका असं मी म्हणत नाही, तो लागतोच. तो नसेल तर लोक जवळच्या चुकीच्या खान्यात बसतात आणि ते जास्त वाईट. फक्त 'इतर'पुढे रिकामी ओळ ठेवा आणि त्यावर लिहून घ्या. पायलट झाल्यावर पहिल्यांदा तोच कॉलम वाचा. एकच गोष्ट तिथे पुन्हा पुन्हा येत असेल तर तिला स्वतःचा खाना द्या, आणि तो कॉलम तुमच्या मुख्य खान्यांपेक्षा मोठा झाला असेल तर खाने नव्याने पाडा, कितीही कंटाळा आला तरी. आणि उत्तर 'काही नाही', 'असंच', 'किरकोळ' असं आलं तर तिथे थांबून एक प्रश्न जास्त विचारा. मी तेव्हा विचारला नाही आणि त्यापायी एसटीने आणखी दोन फेऱ्या झाल्या.

आता माझ्या प्रश्नावलीत 'दागिने' ही वेगळी ओळ आहे. खाली तीन उपप्रश्न आहेत. कुणाचे, गहाण ठेवले की मोडले, आणि कशासाठी. मावशींच्या वाक्याचं इंग्रजी भाषांतर अजून माझ्या मनासारखं जमलेलं नाही. सध्या मसुद्यात 'किडूकमिडूक' रोमन लिपीत तसंच ठेवलंय आणि पुढे एका ओळीत दोन पाटल्या, डोरलं असं लिहिलंय. 'इतर'मध्ये आता एक शिलाई मशीन, एक पिठाची गिरणी आणि कुणाचा तरी बँडचा ढोल उरलाय. ढोलाचं काय करायचं ते पुढच्या फेरीनंतर बघू.